आई-वडिलांची आठवण जपण्याचे साधे, कमी खर्चाचे मार्ग

तापीकाठची लेक

सर्वांना नमस्कार. माझ्या आईला जाऊन येत्या भाद्रपदात वर्ष होईल. अस्थी आम्ही चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर सोडल्या, दशक्रिया आणि गंधमुक्ती रीतीप्रमाणे झाली, आणि वर्षश्राद्धही गुरुजी सांगतील तसे घरच्या घरी होईल. त्यामुळे श्राद्ध करावे की करू नये, हा वाद कृपया या धाग्यावर नको. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

आमच्या भागात अलीकडे पुण्यस्मरण म्हटले की चौकातला फ्लेक्स, वर्तमानपत्रातली चौकट, मंडप आणि आचारी असा हिशेब धरला जातो. माझा धाकटा भाऊ कोरडवाहू कपाशीवर घर चालवतो. मागच्या वर्षीच्या कार्याची उसनवारी अजून फिटलेली नाही, आणि तरीही "मायसाठी एवढेही केले नाही असे लोक म्हणतील" या धास्तीने तो पुन्हा पैसे उचलायला निघाला आहे. आईला हे मुळीच रुचले नसते. ओट्यावरचा रांजण तिने आयुष्यभर स्वतः भरला, रस्त्याने जाणाऱ्याला पाणी प्यायल्याशिवाय पुढे जाऊ दिले नाही, आणि दर चैत्रात पाच घरांच्या कुरडया एकटीच्या देखरेखीखाली करून दिल्या. पण स्वतःच्या नावाने तिने कधी काही मागितले नाही.

शेपाचशे रुपयांत किंवा काहीही खर्च न करता, पण वर्षानुवर्षे चालू राहील असे आपण आपल्या आई-वडिलांसाठी काय करता, ते सविस्तर लिहावे. वडील (आम्ही त्यांना नाना म्हणतो) हयात आहेत, हेही लक्षात घ्यावे.

गिरणाकाठचा शेतकरी

ताई, आपल्या खान्देशात याचा निम्मा मार्ग आधीच आखलेला आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण पितरांच्या नावाने घागर भरतो, तिच्यावर मातीचे छोटे भांडे, खरबूज, आंबे, सांजोरी ठेवतो आणि विस्तवावर आगारी, म्हणजे पितरांचा नैवेद्य, टाकतो. आमच्या घरी या घागरीला पुढचे काम दिलेले आहे, ते सांगतो.

वडील गेले त्या पावसाळ्यात बांधावर कडुनिंबाचे रोप लावले. रोप लावणे सोपे असते, खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात होते. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, काळी जमीन भेगाळते आणि नेमक्या त्याच दिवसांत रोपे जळतात. आखाजी येते तीही त्याच वैशाखात. म्हणून पूजा झाल्यावर ती घागर रोपापासून हात-दीड हातावर गळ्यापर्यंत पुरायची आणि पाण्याने भरून ठेवायची. भाजलेली माती पाणी हळूहळू पाझरू देते; भोवतालची माती जितकी कोरडी तितका पाझर जास्त, आणि ओल असली की पाझर आपोआप मंदावतो. त्यामुळे पाणी वाया जात नाही आणि मुळे खोल, ओलाव्याच्या दिशेने जातात.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. घागर रंग दिलेली नसावी, कारण रंगाने तिची छिद्रे बुजतात. दुसरे, काळ्या मातीत पुरताना भोवती आधी गाळाची बारीक माती घट्ट दाबावी. घागर आणि जमीन यांच्यात पोकळी राहिली तर पाझर मुळांपर्यंत पोहोचत नाही. तोंडावर चपटा दगड ठेवावा, म्हणजे वाफ उडत नाही आणि डासही होत नाहीत. भोवती बोरीबाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे. तुमच्याकडे घागर दान देण्याची रीत असेल तर ती मोडू नये, बाजारातून तशीच दुसरी आणावी. पुढच्या आखाजीला नवी घागर रोपाच्या दुसऱ्या अंगाला पुरायची. दोन-तीन उन्हाळे निघाले की कडुनिंब स्वतःचे स्वतः पाहतो.

शहादेकर

वरील प्रतिसाद उत्तम आहे, तथापि एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. आमच्याकडे तापीकाठच्या प्रकाशा गावी विधी आटोपून परतताना अनेक जण आईच्या किंवा वडिलांच्या नावाने झाड लावतात, छायाचित्र काढतात, आणि त्या रोपाला पाणी कोण घालणार हे कोणीच ठरवत नाही. जे काम कोणा एका माणसाच्या अंगावर नाही, ते होत नाही. आईच्या नावाने लावलेले रोप डोळ्यांदेखत वाळणे याचे दुःख वेगळेच असते, म्हणून ज्याच्या घरापासून जागा दूर आहे त्याने झाडाच्या भरीस पडू नये.

ताई, तुमच्या आईचा रांजण मला अधिक जवळचा वाटतो. तो अजून ओट्यावर असेल तर तुम्हाला विकत काहीच घ्यायचे नाही. होळी झाल्यापासून मृग लागेपर्यंत तो रोज भरला जाईल, एवढाच नेम करावा. रोज सकाळी उरलेले पाणी झाडांना ओतून रांजण आतून काथ्याने घासावा, बाहेरून ओले गोणपाट गुंडाळावे, झाकण असावे आणि पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे टांगावे, म्हणजे कोणाचा हात पाण्यात बुडत नाही. वर "अमुक यांच्या स्मरणार्थ" अशी पाटी नसली तरी चालेल. गावातल्या लोकांना तो रांजण कोणाचा आहे ते ठाऊक असतेच.

पांझराकाठी

मी धुळ्याचा. माझा अनुभव कागदांचा आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांचे १९२६ च्या अखेरीस निधन झाले, तेव्हा त्यांच्या मागे उरलेल्या दप्तरांची नीट निगा राखण्याचे काम धुळेकरांनी अंगावर घेतले, आणि इथले राजवाडे संशोधन मंडळ आजही ते करीत आहे. आपल्या घरातली दप्तरे लहान असतात, पण त्यांनाही कोणीतरी धनी लागतो.

वडिलांच्या मागे माझ्याकडे शेतीच्या जमाखर्चाच्या वह्या, काही पोस्टकार्डे आणि एक अल्बम आला. अल्बम चिकट पानांचा होता. या पानांतला गोंद वर्षांनी पिवळा पडतो आणि छायाचित्राला धरून बसतो, म्हणून छायाचित्र नखाने ओढू नये. शिवणाचा बारीक दोरा मागून हळूहळू सरकवत नेला तर ते सुटते. निघाल्यावर पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे नावे, गाव आणि प्रसंग लिहावा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाईही फुटते. सुटी छायाचित्रे साध्या कागदी पाकिटांत ठेवावीत आणि पावसाळ्यात ती पेटी भिंतीला टेकवून ठेवू नये.

याला पन्नास रुपये लागत नाहीत, पण एक अट आहे: नावे सांगणारे माणूस बसलेले असावे. तुमचे नाना आहेत, ताई. त्यांना एकेका दुपारी चार-पाच छायाचित्रेच दाखवावीत. अख्खी पेटी एकदम समोर ठेवली की वृद्ध माणूस थकतो आणि गहिवरतोही. आमच्या आईने एका लग्नाच्या छायाचित्रात मागच्या रांगेतली मुलगी ओळखली, ती माझी आत्या, जी बाळंतपणात गेली आणि जिचे दुसरे एकही छायाचित्र घरात नव्हते. आता आगारी टाकताना तिचेही नाव घेतले जाते.

भुसावळची सून

माझे सासरे रेल्वेत होते आणि त्यांचे भजन सगळ्या कॉलनीत प्रसिद्ध होते. त्यांचा आवाज आमच्याकडे दोन ठिकाणी होता, एका जुन्या कॅसेटमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या निरोपांमध्ये.

कॅसेटच्या फितीवरचा थर कालांतराने झडतो, म्हणून ती वारंवार वाजवून पाहू नये. चालू स्थितीतला एक टेपरेकॉर्डर मिळवावा, हेडफोनच्या जागी साधी तार लावून ती संगणकाला जोडावी आणि एकाच वेळी संपूर्ण बाजू उतरवून घ्यावी. फोनवरच्या निरोपांचे काम मात्र लांबणीवर टाकू नये. दिवंगत माणसाचे सिमकार्ड रिचार्जविना पडून राहिले की काही महिन्यांत क्रमांक बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे खाते साधारण १२० दिवस न वापरल्यास काढून टाकले जाते. आपल्या फोनमधला संवाद राहतो, पण तोही फोन बिघडेपर्यंतच. त्या संवादात जाऊन "एक्स्पोर्ट चॅट" हा पर्याय मीडियासह वापरावा आणि आलेली फाइल किमान दोन जागी, म्हणजे पेनड्राइव्हवर आणि भावंडांपैकी दुसऱ्या कोणाकडे ठेवावी.

सासऱ्यांच्या पुण्यतिथीला आम्ही आता त्यांचे एक भजन लावतो आणि सगळे ऐकतो. दुसरे काही करीत नाही.

तापीकाठची लेक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आईचा आवाज माझ्या फोनमध्ये आहे. बहुतेक निरोप "जेवली का", "पाऊस पडला का" असेच आहेत, तरी आज रात्रीच ते काढून ठेवते.

एक अडचण विचारते. मी सासरी असते. आखाजीला माझ्या घरी घागर भरली जाते ती सासरच्या पितरांची, आणि ती मी मनोभावे भरते. माहेरची घागर भाऊ भरतो. मग मुलीने आईसाठी काय करावे? आमच्याकडच्या जाणत्या बायका म्हणतात की मुलीचे काही नसते. ते मला फार लागले.

आसोद्याची शेजारीण

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवले नाही, म्हणून थोडे मोठे लिहिते.

घागर भरताना आपण उंबरठ्यावर कुंकवाचे एकेक बोट उमटवतो आणि एकेका पितराचे नाव घेतो. आमच्या घरी माझी आई गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला माझ्या भावाने मला बोलावले, उंबरठ्यापाशी बसवले आणि म्हणाला, "मायचे बोट तू उमटव." कोणत्याही शास्त्रीबुवांना विचारले नाही आणि भावकीतल्या कोणी हरकतही घेतली नाही. माझ्या मते ज्या उंबरठ्यावर आपण रांगलो तिथे आईच्या नावाने एक बोट उमटवण्याचा अधिकार लेकीला आहेच, आणि भावाने तो आपण होऊन द्यावा.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. आखाजी हा सासुरवाशिणींचा सण. आई असते तोवर मुराळी, म्हणजे लेकीला सासरहून आणणारा माणूस, पाठवायचे भान तिला असते. कोणत्या लेकीला कोण आणायला जाणार, झोका कोणत्या निंबाला बांधायचा, कोणाला किती सांजोऱ्या बांधून द्यायच्या, हे सगळे तिच्या डोक्यात असते. आई गेली की पहिले एक-दोन वर्ष बोलावणे फोनवर येते, मग तेही "तुला जमेल तसे ये" असे होते, आणि माहेर हळूहळू सुटते. भांडण झालेले नसते, वाईट कोणीच नसते, पण ते काम करणारी गेलेली असते आणि तिच्या जागी कोणी उभे राहिलेले नसते.

म्हणून तुमच्या भावाला माझा निरोप सांगा. आईच्या नावाने काही करायचेच असेल तर त्याने दर आखाजीला स्वतः मुराळी होऊन बहिणीला आणायला जावे. एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, येतानाचा खर्च दोघांचा मिळून दीड तिकिटाचा. बोलावणे फोनवर उरकू नये, दारात येऊन उभे राहावे. आणि तुमच्या आईला बहीण असेल तर त्या मावशीलाही एखाद्या वर्षी आणावे, कारण तिचेही माहेर तुमच्या आईबरोबरच थोडे कमी झालेले आहे.

आमच्या गावच्या बहिणाबाईंचा दाखला दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि शेतात त्या जे रचत गेल्या, ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातील आणखी एका नातलगाने वेळोवेळी टिपून ठेवले होते. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, पण मुलाने त्या काळी केले ते एवढेच, की आईचे बोलणे साध्या वहीत उतरवले. तुमच्या आईच्या ओव्या, आखाजीची गाणी, बाळंतिणीला सांगायची पथ्ये, जे तुम्हा भावंडांना आठवते ते तिच्याच बोलीत लिहून ठेवा. प्रमाणभाषेत सुधारून लिहू नका.

शिरपूरचा शिक्षक

माझी सूचना अगदी विनाखर्चाची आहे. वडिलांच्या पुण्यतिथीच्या सुमारास मी रक्तदान करतो. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असलेल्या निरोगी माणसाला ते करता येते. पुरुषांनी दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे. शिबिर भरवण्याची, फलक लावण्याची आवश्यकता नसते. सरळ रक्तपेढीत जावे. श्राद्धाच्या दिवशी उपवास असेल तर त्या दिवशी जाऊ नये, दुसऱ्या दिवशी नीट जेवून जावे.

शाळेला वस्तू देणाऱ्यांना एक विनंती. पंख्यावर, बाकावर मोठ्या अक्षरांत नाव रंगवण्याचा आग्रह धरू नका. तेवढ्याच पैशांत दोन शब्दकोश द्या आणि आतल्या पानावर आई-वडिलांचे नाव स्वतःच्या हाताने लिहा. मुले ते पान उघडतात आणि वाचतात.

चाळीसगावचा धाकटा

आमच्या आईची लुगडी वाटून घेण्यावरून कुरबूर होणार असे वाटत होते. थोरल्या वहिनींनी तोडगा काढला: जी नेसण्यासारखी होती ती तिच्या मैत्रिणींना दिली आणि विरलेल्यांच्या गोधड्या करायला टाकल्या, प्रत्येक भावंडाला एक. शिवणाऱ्या मावशी आमच्याच गल्लीतल्या, आईच्या ओळखीच्या. त्यांनी आईचे हिरवे इरकली काठ मुद्दाम वरच्या बाजूला घेतले. मजुरी आणि दोरा एवढाच खर्च आला. लुगडी शिवायला देण्याआधी धुवायची की नाही, यावर मात्र एकमत झाले नाही. माझी बहीण म्हणाली, एक तरी न धुता ठेवा. ते ठेवले आहे.

शहादेकर

आणखी एक स्मरण करून देतो. आई सवाष्ण गेली असल्याने पितृपक्षात तिचे श्राद्ध अविधवा नवमीला, म्हणजे भाद्रपद वद्य नवमीला होईल. त्या दिवशी एखाद्या सवाष्णीला जेवू घालण्याची प्रथा आहे. बाहेरचा स्वयंपाक सांगू नये. गंगाफळाची भाजी, कढी, वडे, खीर, घरात जे होते ते करावे, आणि जेवायला तुमच्या आईबरोबर निंदणीला जाणारी, तिच्या सुखदुःखातली बाई बोलवावी. आमच्याकडे आईच्या वेळी आम्ही तसेच केले, आणि त्या बाईंनी जेवताना आईच्या तरुणपणीच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्या आम्हा मुलांपैकी कोणालाच माहीत नव्हत्या.

तापीकाठची लेक

काल भावाशी आणि नानांशी सविस्तर बोलले. आसोद्याच्या ताईंचा निरोप जसाच्या तसा वाचून दाखवला. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "पैसे नाही काढत. रांजण मी भरतो." नाना म्हणाले की रांजणाला आत बारीक चीर आहे, ती त्यांना ठाऊक आहे आणि ते तो कुंभाराला दाखवून आणतील. शहादेकर दादा, अविधवा नवमीला आईची जोडीदारीण जेवायला येणार आहे. ती आता दुसऱ्या मुलाकडे असते, तिला आणायला भाऊच जाणार.

राहिल्या कुरडया. पुढच्या चैत्रात मी माहेरी जाऊन त्या करायच्या आणि त्या पाचही घरी पोहोचवायच्या, असे ठरवले आहे. आईने प्रमाण कधी लिहिले नाही आणि मी लग्नाआधी फक्त सोऱ्या दाबायला बसत असे. कोणी नीट सांगेल का?

आसोद्याची शेजारीण

सांगते. गहू निवडून तीन दिवस भिजत घालायचे आणि पाणी रोज बदलायचे, नाहीतर वास धरतो. चौथ्या दिवशी वाटून, भरपूर पाण्यात कालवून चीक फडक्यातून गाळून घ्यायचा. तो रात्रभर हलवायचा नाही. सकाळी वरचे पिवळट पाणी अलगद ओतून टाकले की खाली पांढरा दाट चीक राहतो. जेवढा चीक तेवढेच पाणी मोठ्या पातेल्यात मीठ आणि हिंग घालून उकळायचे, आणि एकीने चीक धार धरून ओतायचा, दुसरीने लाकडी हाट्याने न थांबता हलवायचे. हे एकटीचे काम नाही, गुठळी झाली की ती मोडत नाही. रंग पांढऱ्याचा बदलून चकचकीत, काचेसारखा दिसू लागला की झाकण ठेवून एक वाफ आणायची आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायच्या. चीक थंड झाला की कुरडई तुटते. दोन कडक उन्हे दाखवायची.

मिठाचे मात्र जपून घ्यावे. ओल्या चिकाची चव बरोबर लागली तर वाळल्यावर कुरडई खारट होते, म्हणून चाखताना थोडी अळणीच लागली पाहिजे. पहिल्या वर्षी एकाच पायलीच्या करा, आणि त्या पाच घरांतल्या एखाद्या वयस्क बाईला चूल पेटवण्याआधी बोलावून घ्या. तुमच्या आईच्या हातचे प्रमाण तिला नक्की माहीत असेल. ती सांगेल ते त्याच दिवशी वहीत लिहा.